रीलचा गुंता आणि तळ्याकाठची ढोकरी

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्र जरा लांबलंय, जमेल तेवढं छापा, पण मधला, गळाचं रील अंगठ्यानं आवरायचा भाग तेवढा कापू नका, त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

मी मंगळवार पेठेत राहतो, नोकरी एमआयडीसीत, आणि रविवारी पहाटे गळ टाकायचा नाद गेली पंधरा-सोळा वर्षं आहे. मागच्या महिन्यात करवीर तालुक्यातल्या एका तलावावर गेलो होतो, नुकतं उजाडत होतं, केंदाळाच्या (जलपर्णीच्या) कडेला एक बाभळीची फांदी पाण्यावर वाकलीय तिथं काहीतरी फडफडताना दिसलं. जवळ गेलो तर ढोकरी, तळ्याकाठचा तो मातकट बगळा. पायाला आणि एका पंखाला हिरवी ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाईन गुंडाळलेली, दुसरं टोक फांदीत अडकलेलं, किती वेळ लटकत होती कुणास ठाऊक. मेव्हण्यानं टॉवेल टाकून तिला धरली आणि मी छोट्या कात्रीनं एकेक वेढा कापला, पायात लाईन इतकी रुतलेली की कातडी सोलून निघाली होती. सोडली तेव्हा उडाली नाही, केंदाळावरनं चालत चालत आत गेली. त्या दिवशी आम्ही रॉड बांधलेच नाहीत, तसेच परत आलो.

ती लाईन मी घरी आणून टेबलावर पसरली तेव्हा लगेच कळलं की ही मासा तोडून गेलेली लाईन नव्हे. मासा तोडतो तेव्हा लाईन लांबलचक सरळ असते. ही गुंतवळ होती, कंगव्यातनं निघते तशी, मुठीएवढी, आणि दोन्ही टोकं ब्लेडनं सरळ कापलेली. म्हणजे कुणाच्या तरी बेटकास्टरला, फेकताना ज्याचं लाईन गुंडाळायचं चाक फिरतं त्या रीलला, बॅकलॅश झाला, आतच लाईन गुंतली, सुटेना, वैतागून कापला आणि तिथंच टाकून दिला.

दोन-तीन वर्षांत बेटकास्टर घेऊन फिरणारी पोरं फार वाढलीत. चांगली गोष्ट आहे, पहाटे उठून पाण्यावर येतात यापेक्षा चांगलं काय. पण रील ऑनलाईन येतंय, आणि दुकानातनं घेतलं तरी शिकवणारं कुणी नाही. माझं पहिलं बेटकास्टर मी एका दुकानातनं घेतलं तेव्हा दुकानदारानं खोका हातात दिला, पैसे घेतले, हँडलच्या बाजूला ती छोटी गोल चावी असते ती कशाला हेही सांगितलं नाही, विचारलं तर म्हणाला वापरत वापरत कळेल. कळलं, पण तीन महिने गेले आणि लाईनचे दोन अख्खे रोल गेले. आताच्या पोरांचं पण तेच चाललंय, व्हिडिओत बघून पहिल्याच दिवशी डोक्यावरनं सगळी ताकद लावून लांब फेकायला जातात, तिसऱ्या फेकीला स्पूलमधनं, म्हणजे लाईन गुंडाळायच्या चाकातनं, लाईनचं घरटं बाहेर येतं, आणि मग ब्लेड. म्हणून म्हटलं जे मला येतंय ते लिहून काढावं.

आधी गुंता होतो का ते. साध्या स्पिनिंग रीलमध्ये स्पूल जागेवर असतं, लाईन त्याच्यावरनं वेटोळ्या वेटोळ्यांनी सुटते, त्यामुळं लूर, म्हणजे गळाला लावलेलं खोटं आमिष, थांबलं की लाईनही थांबते. बेटकास्टरमध्ये स्पूल स्वतः फिरतं. गावाकडच्या विहिरीवरचा रहाट आठवा. बादली खाली जाताना रहाट गरागरा फिरतो, बादली पाण्याला टेकली तरी तो आपल्या वेगात आणखी दोन-चार फेरे घेतोच, आणि हात लावला नाही तर दोर ढिला पडून फुगतो, एकमेकावर चढतो, अडकतो. बॅकलॅश म्हणजे नेमकं हेच. लूर हवेत गेल्यावर हळू हळू मंदावत जातं पण स्पूलला ते कळत नाही, ते पहिल्या झटक्याच्या वेगानंच फिरत राहतं आणि लागते त्यापेक्षा जास्त लाईन सोडतं. हे दोन वेळेला होतं, एक तर सुरुवातीला हिसका दिला तर, नाहीतर शेवटी लूर पाण्याला टेकल्यावर अंगठा लावायला उशीर झाला तर. समोरनं वारा असला की दोन्ही एकदम.

ही रीलं मुळात अमेरिकेतल्या केंटकी भागात १९ व्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळकाम आणि चांदीकाम करणाऱ्या कारागिरांनी बनवायला घेतली, त्यात आजच्यासारखे ब्रेक नव्हते, अंगठा हाच ब्रेक. ब्रेक मागनं आले, पण ते अंगठ्याच्या मदतीला आलेत, अंगठ्याची सुट्टी करायला नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

आता माझं म्हणणं असं आहे की शिकायचा क्रमच उलटा चाललाय. आधी फ्लिपिंग शिका, मग पिचिंग, या दोन्ही जवळच्या फेकी, आणि डोक्यावरनं लांब फेकणं सगळ्यात शेवटी. कारण फ्लिपिंगमध्ये स्पूल फिरतच नाही. रॉडच्या टोकापासनं साधारण रॉडएवढी लाईन खाली लोंबती ठेवायची, रील आणि रॉडवरची पहिली रिंग यांच्यामधली लाईन मोकळ्या हातानं धरून हातभर बाजूला ओढायची, लूर झोक्यासारखं मागं पुढं हलवायचं आणि पुढं जाताना हातातली लाईन रिंगांमधनं जाऊ द्यायची. रील बंदच. पंधरा-वीस फुटांच्या आत केंदाळात जे भोक दिसतंय त्यात लूर आवाज न करता उतरतं. माझे मामा शिरोळकडचे, नदीकाठी आयुष्य गेलं, त्यांच्याकडं कळकाची काठी आणि काठीएवढंच तंगूस (नायलॉनची दोरी), आणि ते हेच करायचे, झोका देऊन गवताच्या फटीत गांडूळ सोडायचे. त्यांच्या तंगुसाला गुंता पडलेला मी कधी बघितला नाही, आणि आम्ही पोरं बाजूला आवाज करायला लागलो की नुसतं वळून बघायचे. फ्लिपिंगची गोष्ट पण तिथंच जाऊन मिळते, कॅलिफोर्नियात डी थॉमस नावाचे गळवाले होते, तिकडं लव्हाळ्यात बारा फुटी लांब काठ्यांनी असंच मासे धरायचे, स्पर्धेत लांब रॉडवर बंधन आल्यावर त्यांनी तोच झोका साडेसात फुटी रॉड आणि बेटकास्टरवर बसवला आणि १९७५ साली आर्कान्सामधल्या बुल शोल्स तलावावर बास माशांच्या स्पर्धेत तो वापरून जिंकले. म्हणजे मूळ काठीतलंच. तिकडं बास, आपल्याकडं मरळ, पण दोघांनाही गवताच्या सावलीत दबा धरून बसायची सवय आहे, आणि मरळ तर हवेतला श्वास घ्यायला वर येते, केंदाळात बुडबुडा फुटला की ती कुठं आहे ते कळतं.

फ्लिपिंगमध्ये गुंता होतो तो वेगळा. हातातली लाईन सोडताना तिचा फास रीलच्या हँडलला अडकतो, नाहीतर वाऱ्यानं रॉडच्या टोकाला गुंडाळतो. त्याला उपाय एवढाच की हात रीलपासनं लांब नेऊन सोडू नका, लाईनबरोबर हात पहिल्या रिंगकडं न्या, आणि सगळी लाईन गेल्यावरच हात रीलवर आणा. आठ दिवसांत हातात बसतं.

पिचिंग हे खरं शिकायचं काम. इथं स्पूल मोकळं सोडायचं असतं, वीस-तीस फुटांवर, आणि लूर पाण्याच्या वीतभर वरनं सरळ गेलं पाहिजे. उजव्या हाताचा माणूस असेल तर रॉड उजव्या हातात आणि हँडल डावीकडं असलेलं रील घ्या, म्हणजे लूर पडल्यावर हात बदलायला लागत नाहीत, हात बदलायच्या त्या एका क्षणात पण लाईन ढिली पडते. लूर रीलच्या समोर येईल एवढीच लाईन सोडा, फार लांब नको. लूर डाव्या हाताच्या चिमटीत धरा, काटा बोटापासनं बाजूला, लाईन नुसती ताठ राहील एवढीच ओढा. इथं बहुतेकांची चूक होते, गलोलीसारखं मागं ताणून रॉड वाकवतात आणि सोडतात, मग लूर गोळीसारखं सुटतं, स्पूलला हिसका बसतो आणि लूर दहा फुटांवर असताना गुंता तयार. ताकद नको. रॉडचं टोक खाली पाण्याकडं न्या, अंगठा स्पूलवर, मनगटानं टोक हळूच वर उचला, लूर सोडा, आणि लूर झोका घेऊन पुढं निघालं की अंगठा हलका करा. पाळणा ढकलतो तसा.

अंगठा हलका करा म्हणजे उचलून घेऊ नका. अंगठ्याची कड स्पूलवरच्या लाईनला जेमतेम लागलेली पाहिजे, मांजराच्या पाठीवरनं हात फिरवतो तेवढी. लाईन फुगायला लागली की अंगठ्याला आधी कळतं, डोळ्याला मागनं, मऊ मऊ वेढे वर आल्यासारखे लागतात, तेव्हा एक कणभर दाबा, परत हलका करा. आणि लूर पाण्याला टेकायच्या आधी, टेकल्यावर नाही, अंगठा पूर्ण दाबून स्पूल थांबवा. त्याचा दुसरा फायदा असा की लूर थबकून अलगद उतरतं, डुबुक आवाज होत नाही, मरळ बिथरत नाही. मला हे जमायला एक अख्खा पावसाळा गेला. पंचगंगा पात्राबाहेर आली, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की आम्ही पाण्याकडं फिरकत नाही, तेव्हा टेरेसवर प्लास्टिकची बुट्टी ठेवून काटा काढलेलं १४ ग्रॅमचं शिसं बुट्टीत टाकायचो, रोज वीस मिनिटं, आधी दहा फुटांवर, मग पंधरा, मग वीस. बुट्टीत पडायला लागलं तेव्हा बुट्टीच्या मागं विटा लावल्या आणि विटेला शिसं लागलं नाही पाहिजे असं ठरवलं. आई रात्री आवाजानं वैतागायची म्हणून बुट्टीत जुनं पोतं टाकलं. सुरुवातीला ५-६ ग्रॅमचं हलकं लूर घेऊ नका, ते स्पूलला नीट ओढत नाही आणि चूक आपली आहे का लुराची तेच कळत नाही.

आता ती छोटी गोल चावी. हँडलच्या बाजूला असते, तिला टेन्शन नॉब म्हणतात, ती स्पूलला बाजूनं दाबते. लूर बांधा, रॉड आडवा धरा, स्पूल मोकळं करायचं बटण दाबा. लूर हळू हळू खाली आलं आणि जमिनीला टेकल्यावर स्पूल जवळजवळ लगेच थांबलं तर नवीन माणसाला ठीक. हात बसला की थोडं थोडं ढिलं करत जा, पण स्पूल बोटानं डावी-उजवीकडं हलवून बघितलं तर टकटक वाजता कामा नये, त्याच्या पुढं ढिलं करायचं नाही. लूर बदललं की परत बघायचं, हे निम्मे लोक विसरतात, १४ ग्रॅमवर लावलेली चावी २१ ग्रॅमच्या बेडकाच्या आकाराच्या लुराला चालत नाही.

दुसऱ्या बाजूला ब्रेक असतो. काहींमध्ये आत छोटे ठोकळे असतात, स्पूल जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात, काहींमध्ये मॅग्नेट असतात आणि बाहेरनं नंबरची चकती फिरवता येते. पिचिंगमध्ये स्पूल तसं सावकाशच फिरतं त्यामुळं ठोकळ्यांचा ब्रेक फारसा लागतच नाही, मॅग्नेटचा मात्र कमी वेगात पण जाणवतो, म्हणून मॅग्नेटवाल्यांनी चकती मध्यावरनं सुरू करून रोज एक एक नंबर खाली यावं. सगळा ब्रेक लावून ठेवला तर गुंता होत नाही हे खरं, पण लूर पोचत पण नाही, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की फिरून पहिल्या जागी.

लाईनबद्दल कुणी बोलतच नाही, आणि माझ्या मते अर्धे गुंते स्पूल भरतानाच भरलेले असतात. स्पूल काठोकाठ भरू नका. तीस फुटांवर फेकायला दीडशे मीटर लाईन कशाला, जास्त लाईन म्हणजे जड स्पूल, आणि जड स्पूल सुरू पण उशिरा होतं आणि थांबतं पण उशिरा. मी दोन तृतीयांश भरतो. केंदाळासाठी ५० पाउंडाची ब्रेडेड लाईन (ब्रेड) लागते, म्हणजे साधारण साडेबावीस किलो ताण घेणारी, पण ब्रेड गुळगुळीत स्पूलवर घसरते, सगळं स्पूल लाईनखाली नुसतं गोल फिरतं आणि माणसाला वाटतं ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाईन ताणात सोडणारा ब्रेक, बिघडला, म्हणून खाली आठ-दहा वेढे साध्या तंगुसाचे द्या आणि त्याला ब्रेड बांधा. आणि भरताना ओल्या फडक्यात लाईन घट्ट धरून भरा. ढिली भरलेली ब्रेड मोठा मासा लागला की स्वतःच्याच वेढ्यांमध्ये घुसते, रुतून बसते, आणि पुढच्या पिचला लूर पाच फुटांवर जाऊन एकदम अडकतं, स्पूल मात्र फिरतंय. हाच सगळ्यात वाईट गुंता. लूर केंदाळाच्या मुळात अडकलं की रॉड उचलून रीलनं ओढू नका, लाईन काठीच्या तुकड्याला गुंडाळून काठीनं ओढा, नाहीतर तेच होतं. आणि लूर सुटलं की तेवढी लाईन बाहेर काढून परत ताणात गुंडाळा, दोन मिनिटांचं काम आहे पण घाईत कुणी करत नाही.

आणखी एक बारीक जागा सांगतो. लूर भोकात पडल्यावर ते तळापर्यंत सरळ जावं म्हणून आपण हातानं स्पूलवरची लाईन ओढून देतो. तेव्हा माणूस निश्चिंत असतो, फेक झाली, आता काय. त्याच ओढीनं स्पूल फिरतं आणि वेढे ढिले पडतात, दिसत नाहीत, पुढच्या फेकीला ते वर येतात. लाईन ओढताना पण अंगठा स्पूलवर ठेवा.

एवढं करून पण गुंता होणार, मला अजून होतो. झाला की पहिल्यांदा काहीच ओढू नका. बटण परत लावून, म्हणजे स्पूल बंद करून, ड्रॅग घट्ट करा, अंगठा स्पूलवर जोरात दाबा आणि तसाच दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवा. वर आलेले वेढे अंगठ्याखाली चपटे होऊन मागं सरकतात. मग बटण दाबून लाईन हळू ओढा, अडली की परत दाबून दोन फेरे, परत ओढा. दहातले आठ गुंते याच्यावर सुटतात, ब्लेड लागतच नाही. राहिलेल्या दोनांत जो वेढा खालून आडवा गेलाय तो पिनेनं उचला, तेवढाच उचला, बाकीच्यांना हात लावू नका. सुटल्यावर तेवढी लाईन बोटांतनं फिरवून बघा, कुठं चुरगळलेली, पांढरी पडलेली दिसली तर तेवढा भाग कापून टाका, विशेषतः फ्लुरोकार्बनची लाईन असेल तर, ती मुडपली की तिथंच तुटते आणि माशाच्या तोंडात काटा राहतो.

आणि कापलेलं घरी न्या. मी झाकणाची अर्धा लिटरची बाटली पिशवीत ठेवतो, तुकडा लहान असो का मोठा, बाटलीत. असलं प्लास्टिक कुजत नाही, केंदाळ काढायला उतरणाऱ्या माणसांच्या हातापायाला, म्हशींच्या खुरांना, ढोकरीला, पाणकावळ्याला ते तसंच भेटत राहतं. चायनीज मांजाबद्दल आपल्या पेपरात दर संक्रांतीला लिहून येतं, ते बरोबरच आहे, पण ही लाईन मांजासारखी आकाशात दिसत नाही म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

नव्या पोरांना दोन गोष्टी आणखी. तलाव मच्छीमार सोसायटीकडं ठेक्यानं असतात, आधी विचारा, त्यांचं पोट त्याच्यावर आहे, आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत गळ घेऊन जाऊच नका. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्लं पाण्यावर घोळक्यानं दिसली तर तिथं लूर टाकू नका, खाली आईबाप राखण करत असतात, ते रागानं लूर धरतात आणि मग पिल्लं उघडी पडतात.

दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे, बेटकास्टर विकताना पाच मिनिटं द्या, चावी कशी लावायची आणि अंगठा कुठं ठेवायचा एवढंच दाखवा. जुन्या जाणत्या गळवाल्यांना पण विनंती, शेजारी पोरगं गुंता घेऊन बसलेलं दिसलं तर दोन फेऱ्यांची युक्ती त्याला दाखवा, आपल्याला कुणी दाखवली नाही म्हणून गप्प बसू नका.

शेवटी एक विचारायचंय. माझी बाटली गेल्या रविवारी भरली, त्यात निम्म्याच्या वर काठावरनं गोळा केलेली लाईन आहे, ती ढोकरीच्या पायाची पण आहे. भंगारवाला घेत नाही, घंटागाडीत टाकली तर कचरा डेपोवर जाऊन परत पक्ष्यांच्याच पायात, आणि जाळायची माझी तयारी नाही. कोल्हापुरात गळाची जुनी लाईन कुणी घेतंय का, हे वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर आपल्या याच सदरात कळवा, तोपर्यंत बाटली जिन्याखाली ठेवलीय.

आपला नियमित वाचक,
एक गळवाला, मंगळवार पेठ, कोल्हापूर